आप्पांचा कोबा

हे मी वैशालीलाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला माझ्या पगारापासून पाठदुखीपर्यंत सगळं ठाऊक आहे, हे सोडून. धाकटा भाऊ संजू, त्याला तर नाहीच. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते आता ऐकायला नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमची-माझी ओळख नाही, तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही — एवढ्या आधारावरच हे बाहेर निघतंय.

सुरुवात कुठून करू? डागापासून करतो. ते सोपं आहे.

साताऱ्यात माझं घर आहे. लहान, पण स्वतःचं. पुढं गाडी लावायला पत्र्याची शेड आणि खाली सिमेंटचा कोबा. मध्यंतरी गाडीचं ऑईल गळायला लागलं, माझ्या लक्षात येईपर्यंत कोब्यावर भाकरीएवढा काळा डाग. गाडी दुरुस्त करून आणली आणि सुट्टी बघून डागाच्या मागं लागलो. ओलं होतं तेवढं आधी लाकडाच्या भुशानं टिपून घेतलं. मग धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर आणि खडूची भुकटी गरम पाण्यात कालवून थालीपिठाच्या पिठासारखा घट्ट लगदा केला. डागावर थापला, वर प्लास्टिक झाकलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून वाळू दिला. वाळताना तो पांढऱ्याचा तपकिरी झाला — आतलं तेल वर ओढून घेत होता. खरवडला, ब्रशनं घासलं, गरम पाणी ओतलं. डाग फिका झाला. पुन्हा तेच केलं. गेला.

शेजारचे सुभेदार कुंपणावर कोपरं टेकून बघत होते. रिटायर होऊन आल्यापासून ते सगळ्या गल्लीची परेड घेतात.

"चकाचक केलंत राव! आमी असतो तर सरळ ॲसिड मारलं असतं. खेळ खलास."

"ॲसिड कधी मारू नका," मी म्हणालो. "ते तेलाला हातसुद्धा लावत नाही. सिमेंट खातं. डाग राहतो आणि कोबा जातो."

"असं व्हय? शिकलेल्या माणसाचा शेजार पायजे बघा."

ते हसत आत गेले. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिलो. वैशाली चहा घेऊन आली, म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, कंबर धरली.

कंबर नव्हती धरली. शेजाऱ्याला मी जी गोष्ट त्यानं विचारलीही नसताना सांगून टाकली, तीच गोष्ट सख्ख्या भावानं फोन करून विचारली होती. तेव्हा मी त्याला काय सांगितलं होतं?

थांबा. तिथं एकदम नाही जाता यायचं मला.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं वैशाली म्हणते. सांगणारच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी बघितली नव्हती. आमचं गाव विट्याच्या अलीकडं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडी. विट्याकडची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं काढतात आणि गावाकडं येऊन बंगले बांधतात. त्या बंगल्यांचे ओटे, गच्च्या, गाड्या लावायच्या जागा — हे कोबे आप्पांच्या हातचे. कोब्यासाठी त्यांना लांबून बोलावणं यायचं. थापी फिरवायला लागले की शेजारी कोण उभं आहे याचं भान नसायचं त्यांना. आणि काम पुरं झालं, पाणी मारून झालं, की त्यांची एक रीत होती. खिशातून लिंबू काढायचं आणि कोब्याच्या वरच्या कडेला ठेवून सोडून द्यायचं. लिंबू आपलंआपण हळूहळू घरंगळत बरोबर पाण्याच्या वाटेला जाऊन थांबायचं. मधे कुठं अडायचं नाही, वळायचं नाही. मालकानं ते बघितलं की आप्पा थापी धुवायला घ्यायचे. हीच त्यांची सही.

मी पास झालो तेव्हा आप्पांनी गावभर पेढे वाटले. देवळासमोर उभं राहून म्हणाले, "आता आमच्यातलं कोण सिमिटात हात घालणार न्हाई." केवढा ताठ चाललो होतो मी त्या दिवशी! संजू दहावीला गणितात गेलेला, एका मेकॅनिकच्या हाताखाली सांगलीत पाने उचलत होता. त्याची नखं कायम काळी. मला वाईट वाटायचं त्याचं. खरंच वाटायचं? की बरं वाटायचं? — बरं वाटायचं. आज लिहायचंच आहे तर नीट लिहितो.

मग मी साताऱ्याला लागलो, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. कंत्राटी. पांढरा कोट, आत फाटका बनियन. भाड्याची खोली. आणि संजूनं सांगलीत स्वतःचं टू-व्हीलरचं गॅरेज काढलं.

गॅरेजची जागा घेतली तेव्हा आप्पांनी काम सोडलेलं होतं. गुडघे गेले होते. खाली बसलं की उठताना भिंत धरायचे. आणि तो माणूस — तो माणूस सांगलीला जाऊन गुडघ्याखाली पोतं घेऊन बसला आणि संजूच्या गॅरेजचा कोबा एकट्यानं घातला. वाळू स्वतः चाळली. माल स्वतः कालवला. मजुराला थापीला हात लावू दिला नाही. नंतर कडेनं मातीचे बांध घालून पाणी साठवून ठेवलं आणि तान्ह्या पोराजवळ बसावं तसे त्याच्याजवळ बसून राहिले. उद्घाटनाला लिंबू सोडलं. ते मागच्या भिंतीपासून निघालं आणि सगळं गॅरेज पार करून रस्त्याकडच्या गटारीशी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संजू आप्पांच्या पाया पडला. आप्पा म्हणाले, "मालक झालास रं गड्या."

मालक. मला त्यांनी कधी काही म्हटलं होतं का असं? 'साहेब' म्हणायचे. चारचौघांत. पण साहेब परक्यालाही म्हणतात.

तिथून ते सुरू झालं. आधीपासून असेल, पण दिसायला तिथून लागलं. आप्पा गावाकडनं सकाळची एसटी धरून सांगलीला जायचे आणि दिवसभर संजूच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकांना म्हणायचे, "चप्पल काढायची गरज न्हाई, पर जरा दमानं चाला." माझ्याकडं साताऱ्याला एकदा आले. सोफ्याच्या कडेवर बसले, जसे बंगलेवाल्यांच्या घरी बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, हितं गुदमरतंय. गेले.

सणावारी घरात जमलो की बोलणी संजूशी व्हायची. कुणाच्या लग्नात काय करायचं, संजूला विचार. बोअरची मोटर जळली, संजूला फोन लाव. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसायचो. आणि तो — तो सारखा माझ्याकडं वळून म्हणायचा, "दादाला इचारा की, त्यो शिकल्याला हाय." मनापासून म्हणायचा. ह्यानं तर मला जास्तच जळायला व्हायचं. त्यानं मला तोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं. भांडला असता, ताठ वागला असता, मग मला त्याच्यावर रागवता आलं असतं. त्यानं तेही मला ठेवलं नाही.

आता फोनचं सांगतो.

दसऱ्याच्या आधीचे दिवस. खंडेनवमीला गॅरेजवाले हत्यारांची पूजा करतात, तुम्हाला माहीत असेलच — पाने, पकडी, जॅक धुऊन-पुसून मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, कंप्रेसरला झेंडूचा हार. संजूनं त्या वर्षी ठरवलं होतं की आप्पांची थापी आणि कोबा सपाट करायचा लाकडी रंधाही पूजेला मांडायचा. आप्पांच्या जोडीचे जुने गवंडी जेवायला बोलावले होते. पण गॅरेज चालू होऊन बराच काळ झालेला, कोब्यावर जागोजाग जळक्या ऑईलचे डाग बसले होते. त्याचा फोन आला.

"दादा, आप्पांचा कोबा पैल्या दिवसासारखा दिसाय पायजे. घासून घासून हात मोडलं, डाग जाईनात. तू केमिस्ट्रीवाला. काय टाकू सांग."

मी लॅबमध्येच होतो. समोरच्या फरशीच्या कडेला एक जागा होती, जिथं कधीतरी ॲसिडची बाटली फुटली होती. तिथलं सिमेंट खाल्लं गेलं होतं, वाळू उघडी पडली होती, बुटाखाली करकरायची. फोन कानाला धरून मी त्या जागेकडंच बघत होतो.

मी म्हणालो, "ॲसिड टाक."

मनाची समजूत घालायला मी पुढं कित्येक वर्षं म्हणत आलो की घाईत होतो, चुकून निघून गेलं तोंडातून. बोलताना माणूस घसरतोच की. पण त्यानं विचारलं, "पाणी मिसळू का त्यात?" आणि मी म्हणालो, "नको. तसंच ओत. फसफसलं की ओळख, डाग निघतोय. राहू दे जरा वेळ." घाईतला माणूस एवढं सांगतो का?

आणि मग मी म्हणालो, "शटर पूर्ण उघडं ठेव. तोंडाला ओला रुमाल बांध. हातात रबरी मोजे घाल." म्हणजे मला भावाच्या छातीची काळजी होती. मी पुरता शुद्धीवर होतो. मला संजूला इजा करायची नव्हती. मला कोबा हवा होता. तो खाल्ला जायला हवा होता.

"तू हायस म्हणून बरं हाय दादा," तो म्हणाला. फोन ठेवला. मी टेबलापाशी जाऊन राहिलेले नमुने तपासले.

खंडेनवमीला मी सांगलीला गेलो. जायची गरज नव्हती, रजाही नव्हती. बघायला गेलो. हेही लिहून ठेवतो.

झेंडूच्या माळांखाली कोबा पांढराफटक पडला होता. कुठं पिवळसर, कुठं राखाडी, सगळीकडं खरबरीत, देवी आल्यासारखा. पाय टाकला की वाळू सुटत होती. आणि मधोमध ऑईलचे डाग — तसेच. काळे. संजू माझ्याकडं बघून ओशाळं हसला. आप्पा खुर्चीवर बसले होते, नवी टोपी घालून. समोर पाटावर त्यांची थापी, तिला हळदीकुंकू लावलेलं. ते थापीकडं बघत होते. जमिनीकडं बघत नव्हते.

जुने गवंडी आले. त्यांच्यात बापू म्हणून एक होते, आप्पांचे जन्माचे जोडीदार आणि जन्माचे चेष्टेखोर. त्यांनी वाकून कोब्यावर अंगठा घासला, वाळू चिमटीत धरून उजेडात बघितली.

"काय गा, सिमिट इकून खाल्लंस का काय?"

सगळे हसले. आप्पाही हसले. मग बापू म्हणाले, "सोड की गा लिंबू. बघू दे पोरास्नी." वाईट हेतूनं नाही; रीत म्हणून म्हणाले. आप्पांनी पूजेतलं एक लिंबू उचललं. भिंत धरून वाकले, मागच्या कडेला ठेवलं, सोडलं. लिंबू थोडं गेलं आणि एका खळग्यात बसलं. आप्पांनी चपलेच्या टोकानं त्याला हलकं ढकललं. ते पुन्हा थोडं गेलं आणि पुन्हा बसलं.

संजूनं तेव्हा सगळ्यांसमोर मला विचारलं. "दादा, ह्ये ॲसिडनं झालं आसंल का रं? आदी आसं नव्हतं."

बघा, देवानं म्हणा कशानं म्हणा, दार उघडं धरलं होतं. 'हो, माझी चूक झाली' एवढंच म्हणायचं होतं. खरं पूर्ण नव्हे, अर्धं. चूक झाली म्हटलं असतं तरी आप्पा सुटले असते. लोक म्हणाले असते, पुस्तकातलं शहाणपण — हसले असते मला. बस, एवढंच झालं असतं.

सगळे माझ्याकडं बघत होते. बापू, इतर गवंडी, गिऱ्हाइकं, आप्पा. आमच्या माणसांनी बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं उत्तरासाठी बघितलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हणालो —

"कोबा चांगला असेल तर ॲसिड त्याला काही करत नाही. माल कमजोर असला की असं होतं."

हे ते वाक्य. फोनवरचं मी एक वेळ कुणाला सांगू शकलो असतो, दारूच्या भरात म्हणा, म्हातारपणी म्हणा. हे नाही. फोनवर मी कोबा मारला होता. इथं मी आप्पांच्या तोंडावर, त्यांच्या थापीसमोर, त्यांच्या जोडीदारांसमोर — आणि त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला दिलेल्या डिग्रीच्या जोरावर...

आप्पांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? पोरगा केमिस्ट्री शिकलेला. ते म्हणाले, "आसंल. हात गेला माजा. वय झालं."

संजू लगेच म्हणाला, "आवं आप्पा, काय बी काय? सिमिटाचं पोतंच जुनं आसंल, मीच आणलं हुतं." त्यानं खोटं बोलून आप्पांना वाचवायचा प्रयत्न केला. आम्ही दोघंही भाऊ त्या दिवशी खोटं बोललो. फरक तुम्हाला दिसतोच आहे.

जेवताना मी पोळी मागून घेतली. दोनदा.

त्यानंतर आप्पा गॅरेजमध्ये बसायला जायचे कमी झाले, मग थांबलेच. गुडघे दुखतात म्हणायचे. थापी बापूंच्या नातवाला देऊन टाकली. गावात कुणी कोब्याबद्दल विचारायला आलं की म्हणायचे, दुसरा बघा बाबा.

पुढं मी कायम झालो, कर्ज काढून हे साताऱ्याचं घर बांधायला घेतलं. आणि मला काय हवं झालं असेल? शेडमध्ये आप्पांच्या हातचा कोबा. खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून तेवढंच हवं होतं. गावी गेलो, म्हणालो, आप्पा, खाली बसू नका, खुर्चीवर बसून नुसतं सांगा, माणसं करतील. फक्त कडेला एकदा थापी फिरवा.

"नको रं," ते म्हणाले. "शिकल्याल्या माणसाचं घर त्ये. माजा कोबा टिकत न्हाई. चांगला गवंडी बघ."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी उभा राहू शकलो असतो. ते माझ्या भल्याचं सांगत होते. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. आई आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज येत होता. त्या वेळीही दार उघडं होतं. मी म्हणालो, "बरं, बघतो."

कंत्राटदाराच्या माणसांनी कोबा घातला. वास्तुशांतीला आप्पा आले. शेडमध्ये उभे राहून चपलेच्या टोकानं कोबा चाचपून बघितला, चांगला झालाय म्हणाले. मी त्यांच्या हातात लिंबू दिलं. त्यांनी ते खिशात टाकलं.

त्याच्या पुढच्या थंडीत ते गेले.

संजूचं गॅरेज आता मोठं झालंय. आजूबाजूच्या सगळ्यांनी खाली टाईल्स बसवल्या, हा बसवत नाही. गिऱ्हाईक बोललं तर म्हणतो, "आप्पांच्या हातचा हाय. ऱ्हाऊ दे." त्या खळग्यांतून ऑईल साचतं, तो रोज संध्याकाळी भुसा टाकून टिपतो, वाकून वाकून. ॲसिड पुन्हा कधी वापरलं नाही. का, ते त्यानं मला सांगितलं नाही. नवीन काही घ्यायचं असलं की अजून पहिला फोन मलाच येतो. दादा, काय करू?

मी अजून त्याच्यावर जळतो. त्या कोब्यावरून. इतका खाल्लेला, खरबरीत, डागांचा — तरी त्याच्याकडं तो आहे.

माझ्या शेडमध्ये आज डाग नाही. कोबा गुळगुळीत आहे. सुभेदारांनी कौतुक केलं.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री, तेव्हा हे मी खात्रीनं सांगू शकतो. त्या दिवशी सांगायचं होतं ते आज इथं लिहितो. वाळू स्वच्छ चाळलेली होती. सिमेंट कमी पडलं नव्हतं. पाणी हवं तेवढं मारलं होतं. माल बरोबर होता, आप्पा. हात गेला नव्हता.